घरच्या कॉम्प्युटरसाठी मोफत अँटीव्हायरस: कोणता ठेवावा, कोणता काढावा आणि सेटिंग कुठे तपासावं

प्रश्न असा आहे: विंडोज ११ असलेला घरचा लॅपटॉप आहे. घेताना सोबत आलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपली आहे आणि रोज ‘रिन्यू करा’ अशी खिडकी उघडते. घरातली चार माणसं तो वापरतात. अभ्यास, बँकेचे व्यवहार, फोटो, पेनड्राइव्हची ये-जा, सगळं त्यावरच होतं. पैसे न भरता कोणता अँटीव्हायरस टाकावा, आणि खात्रीसाठी दोन टाकले तर चालतील का?

आधी थेट उत्तर. मुदत संपलेला अँटीव्हायरस पूर्ण काढून टाका, विंडोजमध्ये आधीपासून असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू करा, त्यातली पाच-सहा सेटिंग्ज स्वतः उघडून बघा आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कंपनीच्या स्कॅनरने तपासणी करा. डिफेंडर हटवून दुसरा मोफत अँटीव्हायरस बसवायला ठोस कारण लागतं. अशी कारणं मोजकीच आहेत आणि ती पुढे दिली आहेत. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी पहाऱ्यावर ठेवू नका.

डिफेंडरला अजूनही बरेच जण कच्चा समजतात, आणि त्याला इतिहास आहे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाने मोफत अँटीव्हायरस दिला, तो वेगळा डाउनलोड करावा लागायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत तोच डिफेंडर या नावाने विंडोजमध्ये आला. त्यानंतरची काही वर्षं स्वतंत्र चाचण्यांत त्याचे गुण खरोखरच तळाशी होते. ‘विंडोजचा काही उपयोग नाही, वेगळा टाकायलाच हवा’ हा सल्ला त्या काळातला आहे आणि तेव्हा तो बरोबर होता. पुढे डिफेंडरचं बरंचसं काम मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून होऊ लागलं. अनोळखी फाईल दिसली की तिची माहिती सर्व्हरला जाते आणि काही सेकंदांत निर्णय परत येतो. आता जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट संस्थेच्या चाचण्यांत त्याला १८ पैकी १८ किंवा त्याच्या अगदी जवळचे गुण मिळतात.

हे आकडे वाचायचे कसे, तेही सांगतो, कारण जाहिराती याच आकड्यांवर चालतात. एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते: संरक्षण, वेग आणि वापरातली सोय. सोय म्हणजे मुख्यतः चांगल्या फाईलला उगाच व्हायरस ठरवणं किती वेळा झालं ते. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि ब्रिटनमधली एसई लॅब्ज या दोन संस्थाही भरवशाच्या आहेत. बऱ्याच चाचण्यांत व्हायरसचे नमुने काहीशेच असतात. ४०० नमुन्यांच्या चाचणीत ९९.३ टक्के आणि ९९.८ टक्के यांत फरक फक्त दोन नमुन्यांचा. एवढ्यावरून ‘हा जिंकला, तो हरला’ म्हणणं चूक आहे. सलग तीन-चार चाचण्यांत कोण वरच्या गटात टिकून आहे ते बघा, आणि चुकीच्या इशाऱ्यांचा रकाना न चुकता वाचा. सतत खोटे इशारे देणारा अँटीव्हायरस घरातल्या माणसांना एकच गोष्ट शिकवतो: इशारा आला की ‘चालू द्या’ दाबायचं. मग खरा इशारा येतो तेव्हाही बोट तिथेच जातं.

डिफेंडरचं खरं दुबळेपण याच चाचण्यांत दिसतं, आणि निवड करताना तेच महत्त्वाचं आहे. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज इंटरनेट चालू आणि इंटरनेट बंद अशा दोन्ही स्थितींत नमुने ओळखायला लावते. इंटरनेट बंद असताना डिफेंडरची ओळखण्याची ताकद ठळकपणे घटते, कारण त्याची अर्धी बुद्धी सर्व्हरवर आहे. बिटडिफेंडर, अव्हास्ट, एव्हीजी या इतर मोफत अँटीव्हायरसांची घसरण त्या मानाने बरीच कमी असते. तेव्हा कॉम्प्युटर बहुतेक वेळ ऑफलाइन असेल आणि त्यात इतरांचे पेनड्राइव्ह रोज लागत असतील, तर वेगळा अँटीव्हायरस बसवायला हे ठोस कारण आहे. घरात इंटरनेट कायम चालू असेल तर नाही.

आता मुदत संपलेला अँटीव्हायरस काढण्याकडे वळू. बहुतेक घरांत गडबड इथेच होते. विंडोजवर दुसरा अँटीव्हायरस नोंदला गेला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. तो दुसरा मुदत संपून निकामी झाला, तरी त्याचे अवशेष कधी कधी नोंदीत राहतात, आणि मग दोघांपैकी कोणीच पहारा देत नाही. म्हणून नुसतं आयकॉन उडवून भागत नाही.

सेटिंग्ज उघडा, अॅप्स मध्ये जा, इन्स्टॉल्ड अॅप्स निवडा. त्या कंपनीच्या नावाने जे जे दिसेल ते सगळं अनइन्स्टॉल करा. अँटीव्हायरसबरोबर ‘वेब अॅडव्हायझर’, ‘सेफ ब्राउझर’, ‘ट्यून-अप’, व्हीपीएन अशी तीन-चार पिल्लं येतात, ती वेगळी काढावी लागतात. रीस्टार्ट करा. मग त्याच कंपनीच्या अधिकृत साइटवरून तिचं सफाईचं साधन उतरवा. मॅकॅफीचं एमसीपीआर, अव्हास्टचं अव्हास्ट क्लिअर, एव्हीजीचं एव्हीजी क्लिअर, नॉर्टनचं रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल, अशी बहुतेक कंपन्यांची साधनं आहेत. यातली काही सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींसह सुरू करण्याची पद्धत) चालवायला सांगतात, तसं सांगितलं तर तसंच करा. पुन्हा रीस्टार्ट. शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून खाली सेटिंग्ज मध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स वर जा. तिथे अँटीव्हायरसखाली फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसायला हवा. जुनं नाव अजून दिसत असेल तर सफाई अर्धवट झाली आहे, साधन पुन्हा चालवा.

ब्राउझरमधला जुना एक्सटेन्शनही (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) काढा. कंपनीचा प्रोग्रॅम गेला तरी एक्सटेन्शन मागे राहतो आणि सर्च इंजिन बदलून ठेवतो.

‘रिन्यू करा’ची खिडकी यानंतरही येत राहिली, तर ती अँटीव्हायरसची नाहीच. कुठल्या तरी वेबसाइटला चुकून नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे, आणि ती साइट नॉर्टन किंवा मॅकॅफीच्या नावाने ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ असे खोटे निरोप कोपऱ्यात पाठवते आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडा आणि परवानगी मिळालेल्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांत त्रास थांबतो. यासाठी कुठलाही स्कॅन लागत नाही, आणि स्कॅनमध्ये काही सापडतही नाही.

डिफेंडरमध्ये काय तपासायचं

विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन मध्ये जा, तिथे मॅनेज सेटिंग्ज दाबा. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन, ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही चारही बटणं चालू हवीत. क्लाउड म्हणजे वर आलेले मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर. हे बटण ‘खासगीपणासाठी’ म्हणून बंद करणारे बरेच भेटतात. वर सांगितलं तसं, ते बंद केलं की डिफेंडर अर्धाच उरतो. सॅम्पल सबमिशनमध्ये संशयास्पद प्रोग्रॅम आपोआप जातात. ज्या फाईलमध्ये वैयक्तिक मजकूर असू शकतो तिच्यासाठी आधी विचारलं जातं. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असलं की दुसरा प्रोग्रॅम गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही.

त्याच पानावर खाली एक्सक्लूजन्स आहे. ही यादी जरूर उघडा. स्कॅनमधून वगळायच्या फाईल्स आणि फोल्डर यांची ती यादी. घरच्या कॉम्प्युटरवर ती सहसा रिकामी असायला हवी. क्रॅक केलेलं (परवाना मोडून फुकट केलेलं) सॉफ्टवेअर किंवा विंडोज फुकटात अॅक्टिव्हेट करून देणारी साधनं पुष्कळदा इथे एखादं फोल्डर घालून ठेवतात, आणि काही मालवेअर (नुकसान करणारे प्रोग्रॅम) तर अख्खा सी ड्राइव्हच घालतात. असं झालं की डिफेंडर चालू दिसतो, हिरवी खूण दिसते, आणि तपासणी मात्र कशाचीच होत नाही. अनोळखी नोंद दिसली तर ती काढा आणि लगेच पूर्ण स्कॅन लावा.

यानंतर अॅप अँड ब्राउझर कंट्रोल मध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज उघडा. तिथे पोटेन्शियली अनवाँटेड अॅप ब्लॉकिंग चालू करा, त्याखालच्या ब्लॉक अॅप्स आणि ब्लॉक डाउनलोड्स या दोन्ही चौकटींत खूण हवी. काटेकोर अर्थाने व्हायरस नसलेले, पण ब्राउझर ताब्यात घेणारे, जाहिराती पेरणारे, ‘तुमचा कॉम्प्युटर ५०० चुकांनी भरला आहे’ असं सांगून पैसे मागणारे प्रोग्रॅम यात अडतात. घरगुती कॉम्प्युटरवरची निम्मी घाण याच जातीची असते. ब्लॉक डाउनलोड्सची चौकट फक्त एज ब्राउझरपुरती आहे. क्रोम वापरत असाल तर त्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये एन्हान्स्ड प्रोटेक्शन निवडा.

रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस आपोआप चालू नसतं, ते चालू करायचं की नाही हे विचारपूर्वक ठरवा. ते चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत ओळखीच्या प्रोग्रॅमखेरीज कोणालाच लिहिता येत नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरविरुद्ध हा चांगला अडसर आहे. अडचण अशी की साधे गेम, जुने फोटो एडिटर, स्कॅनरचं सॉफ्टवेअर हेही अडकतात, आणि चूक भलतीच दिसते: ‘फाईल सेव्ह होत नाही’, ‘फोल्डर सापडत नाही’. असं झालं तर अॅलाऊ अॅन अॅप मध्ये जाऊन नुकत्याच अडवलेल्या अॅप्सच्या यादीतून तो प्रोग्रॅम मोकळा करा. घरात असे इशारे समजून घेणारं एक माणूस असेल तर हे चालू ठेवाच. कोणीच नसेल तर लोक वैतागून सगळंच बंद करतात, त्यापेक्षा फक्त बॅकअपवर भर द्या. हा अडसर डिफेंडर मुख्य अँटीव्हायरस असेल तेव्हाच चालतो, दुसरा बसवला की जातो.

डिफेंडर चालू केल्यावर कॉम्प्युटर मंद झाला अशी तक्रार येते. टास्क मॅनेजरमध्ये अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाची प्रोसेस डिस्क किंवा प्रोसेसर खाताना दिसते. कॉम्प्युटर रिकामा असताना होणारा नेमाचा स्कॅन बरेच दिवस झालेला नसतो, म्हणून तो मिळेल तेव्हा सुरू होतो. रात्री एकदा चार्जर लावून, झोपेचं सेटिंग बंद करून पूर्ण स्कॅन होऊ द्या, त्यानंतर बहुधा शांत होतं. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर कोणताही अँटीव्हायरस जड वाटणारच. तिथे अँटीव्हायरस बदलत बसण्यापेक्षा एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकल्याने फरक पडतो.

दुसरे मोफत पर्याय

बिटडिफेंडर फ्री हा माझ्या मते बाहेरच्यांमध्ये सर्वांत नेटका. रोमानियातली कंपनी, ओळखण्याचं इंजिन उत्तम, इंटरनेट नसतानाही बरंच पकडतं. सेटिंग्ज थोडी आहेत, घरातल्या माणसांनी काही बिघडवून ठेवण्याची शक्यता म्हणून कमी. खातं उघडावं लागतं आणि अधूनमधून सशुल्क आवृत्तीची जाहिरात येते. वर सांगितलेलं ऑफलाइन कॉम्प्युटरचं कारण तुम्हाला लागू असेल तर हा घ्या. मात्र ऑफलाइन असला तरी आठवड्यातून एकदा त्याला इंटरनेट देऊन अपडेट करावंच लागतं.

अव्हास्ट आणि एव्हीजी हे आता दोन रंगांतलं एकच इंजिन आहे. अव्हास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली, आणि २०२२ मध्ये अव्हास्ट नॉर्टनच्या कंपनीत विलीन होऊन जेन डिजिटल झाली. अविराही त्याच घरात आहे. त्यामुळे ‘अव्हास्ट घेऊ की एव्हीजी की अविरा’ हा प्रश्न तीन कंपन्यांमधला राहिलेला नाही. संरक्षण चांगलं आहे, आणि विंडोज सुरू होण्याआधी तपासणारा बूट-टाइम स्कॅन अव्हास्ट-एव्हीजीत मोफत मिळतो, तो चिवट मालवेअरवर कामाला येतो. खासगीपणाचा इतिहास मात्र गंभीर आहे. अव्हास्टने वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. तरीही हे बसवायचं असेल तर इन्स्टॉल करताना प्रत्येक पडद्यावर थांबा. ब्राउझर किंवा इतर प्रोग्रॅम सोबत देऊ करणारी चौकट आधीच खूण केलेली असते, ती काढा. बसवल्यावर सेटिंग्जमधल्या पर्सनल प्रायव्हसी पानावर माहिती देण्याच्या खुणा काढा. ही पाच मिनिटं वाचवू नका.

कॅस्परस्कीचं तांत्रिक काम अव्वल आहे, त्याच्या गुणांबद्दल वाद नाही. वाद आहे तो कंपनी रशियातली असण्याबद्दल. मार्च २०२२ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा कार्यालयाने ते वापरू नये असा इशारा दिला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेने त्याची विक्री आणि २९ सप्टेंबरपासून अपडेट देणंही बंद केलं. अँटीव्हायरसला कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाईल वाचायचा अधिकार असतो, त्यामुळे विश्वासाचा प्रश्न इथे दुय्यम नाही. इतके पर्याय उपलब्ध असताना घरच्या कॉम्प्युटरसाठी मी हे सुचवत नाही.

यापलीकडची नावं, विशेषतः शोधताना जाहिरात म्हणून वर येणारी, टाळा. सोडायचा निकष सोपा आहे: ज्याचं नाव वरच्या तीन चाचणी संस्थांच्या अहवालांत सापडत नाही, तो अँटीव्हायरस घ्यायचा नाही. आणि डाउनलोड नेहमी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून करा. जाहिरातीच्या दुव्यातून किंवा ‘मोफत सॉफ्टवेअर’ गोळा करणाऱ्या साइटवरून नको. मोफत आवृत्तीचा परवाना बहुधा घरगुती वापरापुरता असतो हेही लक्षात ठेवा, दुकानाच्या हिशोबाच्या कॉम्प्युटरवर तो चालत नाही.

दोन का नकोत, तर प्रत्येक अँटीव्हायरस विंडोजच्या गाभ्यात, फाईल उघडण्याच्या वाटेवरच आपला ड्रायव्हर बसवतो. फाईल उघडली की पहिला ती अडवून तपासतो. त्याची ती तपासणी दुसऱ्याला ‘कोणीतरी फाईल उघडली’ अशी दिसते, म्हणून तोही तपासतो. कॉम्प्युटर रांगायला लागतो, कधी निळा पडदा येतो. एकाने क्वारंटाइनमध्ये (अलग कोठडीत) ठेवलेली फाईल दुसऱ्याला व्हायरस म्हणून सापडते आणि इशारे थांबत नाहीत. संरक्षण दुप्पट होत नाही.

दुसरं मत हवं असेल तर पहाऱ्यावर न बसणारा, हाक मारली की येणारा स्कॅनर वापरा. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती, ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर, जाहिराती पेरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी अॅडडब्ल्यूक्लीनर, हे तिन्ही डिफेंडरशेजारी चालतात. मालवेअरबाइट्स बसवताना १४ दिवसांचं सशुल्क आवृत्तीचं ट्रायल सुरू होऊ शकतं. तेवढे दिवस तो स्वतःला मुख्य अँटीव्हायरस म्हणून नोंदवून डिफेंडरला बाजूला करू शकतो. ट्रायल बंद करा, किंवा त्याच्या सेटिंगमधलं विंडोज सिक्युरिटी सेंटरमध्ये नोंदणीचं बटण बंद ठेवा. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, जुनी प्रत जपून ठेवण्यात अर्थ नाही. तो चालू असताना मधेच ‘बाधित फाईल्स ३’ असा आकडा दाखवतो आणि शेवटी ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. लोक घाबरतात, पण शेवटचा निकालच खरा. मधला आकडा संशयाचा असतो.

एकाच फाईलबद्दल शंका असेल तर ती व्हायरसटोटल या तपासणीच्या वेबसाइटवर चढवा, ६५० एमबीपर्यंतची फाईल चालते आणि साठ-सत्तर इंजिनं तिच्याबद्दल काय म्हणतात ते कळतं. एक-दोन अनोळखी इंजिनांनीच लाल दाखवलं तर बहुधा खोटा इशारा. मोठ्या नावांपैकी चार-पाच लाल असतील तर फाईल उडवा. सगळं हिरवं असलं तरी फाईल आजच जन्मलेली असेल तर त्या हिरव्याला अर्थ नाही, दोन दिवसांनी पुन्हा तपासा. तिथे चढवलेली फाईल सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांनाही मिळते, म्हणून बँकेचे कागद, ओळखपत्रं, पगाराच्या पावत्या तिथे कधीही चढवू नका.

सगळं बसवून झाल्यावर पहारा खरंच चालू आहे का, हे बघायला आयकार चाचणी फाईल आहे. ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर, तो व्हायरस म्हणून ओळखायचा असं सगळ्या कंपन्यांनी ठरवलेलं आहे. आयकार संस्थेच्या साइटवरून ती उतरवून बघा. उतरताच इशारा आला पाहिजे. नाही आला तर पुन्हा एक्सक्लूजन्स आणि मॅनेज प्रोव्हायडर्स बघा.

अँटीव्हायरस जिथे हरतो

आता सर्वांत जास्त नुकसान होतं ते कुठे, ते बघू. सध्या घरच्या कॉम्प्युटरवर येणारी सर्वांत वाईट जात आहे माहितीचोर मालवेअरची. तो काही सेकंद चालतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज उचलून पाठवतो आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकतो. नंतर केलेला स्कॅन स्वच्छ येतो, कारण पकडायला काही उरलेलंच नसतं.

तो आत येतो तो बहुधा माणसाच्या हातूनच. क्रॅक, की-जनरेटर, गेमचे चीट हा पहिला रस्ता. सोबतच्या सूचनेत ‘आधी अँटीव्हायरस बंद करा, तो खोटा इशारा देतो’ असं लिहिलेलं असतं. ते वाक्य वाचलं की फाईल तिथेच उडवा. दुसरा रस्ता २०२४ पासून फार पसरला आहे: ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असं पान येतं आणि सांगतं, विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे) आधीच आदेश ठेवलेला असतो आणि तो तुम्ही स्वतःच चालवता. कोणतंही खरं पान असं करायला सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे एक वाक्य समजावून सांगा, मुलांना आणि आजी-आजोबांना आधी. तिसरा रस्ता म्हणजे पूर्ण पडदा व्यापणारा इशारा आणि खाली मदतीचा फोन नंबर. फोन केला की पलीकडचा माणूस दूरून कॉम्प्युटर चालवणारं अॅप टाकायला लावतो. ते अॅप खरंच स्वच्छ असतं, त्यामुळे अँटीव्हायरस त्याला अडवत नाही. असा पडदा आला तर एस्केप काही सेकंद दाबून धरा. नाही गेला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडल्यावर ‘मागची पानं परत आणू का’ याला नाही म्हणा.

फाईल एक्सप्लोररमध्ये फाईलच्या नावापुढचं एक्सटेन्शन (फाईलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं) दिसेल असं सेटिंग करा. व्ह्यू, शो, मग फाईल नेम एक्सटेन्शन्स. नाहीतर ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ नावाची फाईल नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते आणि आयकॉनही पीडीएफचाच असतो. पेनड्राइव्हवर फोल्डरऐवजी त्याच नावाचे शॉर्टकट दिसत असतील तर एकही उघडू नका. मूळ फोल्डर बहुधा लपवलेले असतात, गेलेले नसतात. पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा, मग व्ह्यूमधून लपलेल्या फाईल्स दाखवायला सांगून आपला डेटा बाहेर काढा.

घरातल्या चौघांसाठी चार खाती करा, आणि त्यांखेरीज फक्त एक अॅडमिनिस्ट्रेटर खातं (सगळे बदल करू शकणारं) ठेवा. रोजच्या वापराची सगळी साधी स्टँडर्ड खाती. काही बसवायचं असेल तेव्हा अॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो आणि तेवढ्यात माणूस थांबून विचार करतो. आणि विंडोज अपडेट पुढे ढकलू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर विंडोजमधल्या एका भोकातून जगभर पसरला, त्याला अडवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. अपडेट केलेल्या कॉम्प्युटरमध्ये त्याला त्या भोकातून शिरताच आलं नाही, मग अँटीव्हायरस कोणताही असो.

काही घुसल्याची शंका आली तर आधी वायफाय बंद करा. उघडं काम सेव्ह करून स्कॅन ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधी साधारण १५ मिनिटं तपासणी चालते, त्यामुळे लपून बसणाऱ्यांना आसरा मिळत नाही. मग वर दिलेल्यांपैकी एका स्कॅनरने पुन्हा तपासा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून: आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’ करा, कारण चोरलेली कुकी पासवर्ड बदलूनही काही ठिकाणी चालत राहते. क्रॅक चालवल्यानंतर हे घडलं असेल तर स्कॅनवर विसंबू नका. फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या, रिसेट धिस पीसी मध्ये रिमूव्ह एव्हरीथिंग आणि क्लाउड डाउनलोड निवडून विंडोज नव्याने टाका.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि झाला की केबल काढा. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला दुसऱ्या ड्राइव्हसारखीच दिसते, तीही कुलूपबंद होते. दोन-तीन महिन्यांनी त्यातल्या चार फाईल्स उघडून बघा, नुसतं ‘कॉपी झाली’ यावर राहू नका.

घरात विंडोज १० चा दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करून वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, आणि डिफेंडरच्या व्हायरसओळखीचे अपडेट त्याहून पुढेही येत राहणार आहेत. पण डिफेंडर अपडेट होतो म्हणजे विंडोजची भोकं बुजतात असं नाही, त्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार नकोत. विंडोज ७ वर तर कोणताही अँटीव्हायरस टाकून इंटरनेट वापरू नका. जुना लॅपटॉप चालवायचाच असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका, ब्राउझिंग आणि अभ्यासाला तो पुरतो. मॅकवर एक्सप्रोटेक्ट (मालवेअर ओळखणारा) आणि गेटकीपर (अनोळखी अॅप उघडताना अडवणारा) आधीपासून असतात. तिथे गेटकीपरचा इशारा ओलांडून अॅप उघडायला सांगणाऱ्या सूचना पाळू नका, आणि शंका आली तर मालवेअरबाइट्सच्या मॅकसाठीच्या मोफत आवृत्तीने एकदा स्कॅन करा.